ऑपरेशन झाले! पुढे काय?

घरात बाळ जन्माला आले की नाक कोणाचे, रंग कोणावर गेला, ही चर्चा पुढे महिनाभर चालते. पण घरात एखादी अनुभवी आजी असली, तर तिचा पहिला प्रश्न वेगळाच असतो. ती विचारते, "बाळाने शी केली का गं?" नव्या सुनेला या प्रश्नाचे हसू येते. वैद्यकाचे विद्यार्थी मात्र हसत नाहीत; कारण त्यांच्या जाडजूड ग्रंथांतही नवजात अर्भकाच्या बाबतीत विचारावयाच्या पहिल्या काही प्रश्नांत हा प्रश्न असतोच. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला पहिली काळपट-हिरवी चिकट शी बहुधा चोवीस तासांच्या आत होते. अठ्ठेचाळीस तास उलटूनही ती झाली नाही, पोट फुगू लागले, हिरवी उलटी झाली, तर ते बाळ डॉक्टरला दाखवलेच पाहिजे. आजीबाईंचा प्रश्न किती मोलाचा, हे अशा वेळी कळते.

दिवाळीच्या अंकात, फराळाचे ताट पुढ्यात असताना हा विषय कशासाठी, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर एकच आहे. हा विषय आपण कोणत्याच दिवशी काढीत नाही. सर्दी-खोकला, ताप, दात, डोळे यांवर चार माणसांत बोलता येते. शीविषयी बोलता येत नाही. आणि न बोलल्यामुळे काही मुलांचे बालपण शाळेच्या शेवटच्या बाकावर, मान खाली घालून जाते. त्या मुलांसाठी हा लेख आहे.

सूर्येच्या काठचे एक घर

पालघर स्टेशनवर उतरून पूर्वेकडे निघाले की भातशेती आणि ताडामाडांची किनारपट्टी मागे पडते व रान सुरू होते. या वाटेवर सूर्या नदीच्या आसऱ्याने वसलेले मासवण हे गाव आहे. सह्याद्रीतून उतरणारी ही सूर्या पुढे वैतरणेला मिळते. तिच्या पाण्यावर पालघर, बोईसर-तारापूरची कारखानदारी आणि दूरची वसई-विरारसारखी शहरे तहान भागवतात. पाणी नळांतून शहराकडे जाते, त्याला अडथळा नाही. आजारी मूल शहराकडे न्यावयाचे झाले की मात्र वाट एकाएकी लांब होते.

मासवणच्या परिसरातले एखादे घर डोळ्यांपुढे आणा. बाळ तीन दिवसांचे आहे. शी झालेली नाही. पोट ढोलकीसारखे ताणले आहे. शेजारची म्हातारी विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून आणते आणि तो हलकेच गुदद्वारात घालते. एकदम वारा सुटतो, भसकन शी होते, पोट उतरते. साऱ्यांना हायसे वाटते. दोन दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा देठ. असे चार महिने निघून जातात. बाळ आईच्या अंगावर पिते, पण वाढत नाही. हातापायांच्या काड्या आणि पोट मात्र मोठे. कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते दूध बाधले.

म्हातारीवर हसण्याचे कारण नाही. दादर-पुण्याच्या घरांतूनही देठाच्या जागी साबणाची कांडी, गुटीचे वळसे आणि औषधाच्या दुकानातले पोटदुखीचे थेंब, एवढाच फरक असतो. खरी गंमत अशी की, देठाने जे घडले ते निदानाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे चिन्ह होते. डॉक्टर बोटाने तपासतात तेव्हाही या विकारात असाच वारा आणि शी जोराने बाहेर पडते. देठाने तात्पुरता आराम दिला आणि आजार झाकला. त्याहून वाईट प्रकारही आहेत. मेळघाटासारख्या भागांत पोट फुगलेल्या तान्ह्या मुलांना तापलेल्या विळ्याचे चटके दिल्याच्या घटना वृत्तपत्रांतून आपण वाचल्या आहेत. आईचे प्रेम कमी म्हणून हे घडत नाही. दोष कोठे आहे हे कोणी तिला सांगितलेले नसते म्हणून घडते.

दोष दिसतो तेथे नसतो

दोष कोठे आहे, हे समजावयास शास्त्रज्ञांनाही साठ वर्षे लागली. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे हॅराल्ड हिर्शस्प्रुंग नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. १८८६ साली बर्लिन येथील सभेत त्यांनी दोन अर्भकांची हकीकत सांगितली. दोघांनाही जन्मापासून शी होत नव्हती, दोघांचीही पोटे फुगलेली, आणि दोघेही वर्षाच्या आत दगावले. मृत्यूनंतर पाहिले तेव्हा मोठे आतडे अफाट फुगलेले आढळले. साहजिकच हिर्शस्प्रुंग यांना वाटले की, फुगलेले आतडे हाच रोग. या विकाराला आजही त्यांचेच नाव आहे. पण त्यांचा तर्क नेमका उलटा होता.

विरार-डहाणू मार्गावरून जाणाऱ्यांना हे चटकन पटेल. समजा, पुढच्या एका स्टेशनाचा सिग्नल बंद पडला. गाड्या मागे एकापाठोपाठ एक उभ्या राहतात. मागच्या फलाटावर ही गर्दी! अनोळखी माणूस म्हणेल, याच स्टेशनात काही बिघाड आहे. परंतु तेथे काहीच बिघडलेले नाही. बिघाड पुढे आहे, जेथे फलाट मोकळा आणि शांत दिसतो तेथे.

आपल्या आतड्याच्या भिंतीत चेतापेशींचे बारीक बारीक पुंजके असतात. तेच आतड्याच्या स्नायूंना आवळावयास आणि सैल पडावयास सांगतात व अन्न पुढे सरकते. आईच्या पोटात गर्भ अवघ्या काही आठवड्यांचा असताना या पेशी वरून खाली प्रवास करीत जातात. साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत त्या अगदी शेवटपर्यंत पोहोचतात. काही बालकांत हा प्रवास वाटेतच थांबतो. मग आतड्याचा शेवटचा भाग चेतापेशींवाचून राहतो. तो सैल पडत नाही, आवळलेलाच राहतो. वरचे निरोगी आतडे जोर लावून लावून थकते आणि फुगते. म्हणजे जे फुगले ते निर्दोष, आणि जे शांत, बारीक, दिसावयास साधे, ते सदोष.

ही गोष्ट पक्की करून तिच्यावर इलाज शोधणाऱ्यांत ऑर्वार स्वेन्सन यांचे नाव प्रथम घेतले जाते. मूळचे स्वीडनचे, अमेरिकेत वाढलेले हे शल्यवैद्य बोस्टन येथे काम करीत होते. आतडे पोटावर उघडून दिले की मूल टवटवीत होते आणि ते पुन्हा खाली जोडले की दुखणे परतते, हे त्यांनी पाहिले. मग दोष खालच्या तुकड्यात, हे उघड झाले. १९४८ साली स्वेन्सन आणि बिल या दोघांनी आपली शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तीत चेतापेशी नसलेला भाग काढून निरोगी आतडे खाली ओढून गुदद्वारापाशी जोडतात. त्याच साली व्हाइटहाउस आणि कर्नोहन यांनी त्या भागात चेतापेशींचे पुंजके नसतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले. पुढे फ्रान्सचे ड्युहामेल यांनी १९५६ साली आणि इटलीचे सोआवे यांनी १९६४ च्या सुमारास आपापल्या रीती मांडल्या. १९९० नंतर दुर्बिणीने आणि १९९८ पासून पोट न फाडता खालूनच ही शस्त्रक्रिया करण्याची रीत रुळली. स्वेन्सन स्वतः १०३ वर्षे जगले आणि २०१२ साली गेले. त्यांनी वाचवलेल्या पहिल्या मुलांपैकी काहींना त्यांच्या हयातीत नातवंडे झाली असतील!

हा विकार सुमारे ५,००० जन्मांत एका बाळाला होतो. मुलींपेक्षा मुलग्यांत तो चौपट आढळतो. दहापैकी आठ मुलांत तरी आतड्याचा शेवटचा आखूड भागच सदोष असतो. थोड्या मुलांत सगळे मोठे आतडे. गुदाशयाचा तीळभर तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की निदान पक्के होते. आईने ग्रहणात काय चिरले, डोहाळ्यांत काय खाल्ले, याचा येथे काडीचा संबंध नाही. १९९४ साली या विकाराशी निगडित असे एक प्रमुख जनुक सापडले. त्याचे शास्त्रीय नाव 'रेट'. एका मुलाला हा विकार असला तर पाठच्या भावंडाला होण्याचा संभव शंभरात सरासरी चारांच्या आसपास असतो. सदोष भाग लांब असेल तर अधिक. तेव्हा पुढच्या बाळंतपणात आजीचा तो पहिला प्रश्न विसरू नये, एवढेच.

पोटावरची वाट

आता मासवणच्या त्या बाळाकडे परत येऊ. आशाताईंनी पाहिले, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि आईबाप मुंबईस निघाले. मुंबईत परळला १९२९ साली उघडलेले बाई जेरबाई वाडिया मुलांचे रुग्णालय आहे, शेजारी के. ई. एम. आहे, शीवला लोकमान्य टिळक रुग्णालय आहे. मुलांची शस्त्रक्रिया हे स्वतंत्र शास्त्र आहे, हे आपल्याकडे रुजवणाऱ्या पिढीत डॉ. स्नेहलता देशमुख यांचे नाव मराठी घरांना परिचित आहे. १९९५ ते २००० या काळात त्या मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. पण त्याआधी शीवच्या रुग्णालयात त्या मुलांच्या शल्यवैद्य होत्या.

आज अनेक मुलांची शस्त्रक्रिया एकाच टप्प्यात होते. परंतु बाळ उशिरा आले असेल, आतडे फार फुगले असेल किंवा जंतुसंसर्ग झाला असेल, तर प्रथम पोटावर शीची वाट काढून देतात. डॉक्टर तिला कोलोस्टोमी म्हणतात. काही महिन्यांनी मूळ शस्त्रक्रिया आणि मग ती वाट बंद. या मधल्या महिन्यांत आईची परीक्षा असते. लाल, ओलसर आतडे पोटावर दिसते. पाहणाऱ्यांचा थरकाप होतो. त्याला दुखत नाही, पण भोवतालची कातडी मात्र शीने सोलवटते आणि ती दुखते. विकतच्या पिशव्या परवडल्या नाहीत तर माया मऊ जुन्या सुती धडप्यांच्या घड्या वापरतात, कोमट पाण्याने धुतात, झिंकचे मलम लावतात. बारशाला, लग्नाला जाणे टाळतात. अशा वेळी "आण गं, मी धरते बाळाला" असे म्हणणारी एक नणंद किंवा जाऊ भेटली, तरी त्या आईचे निम्मे ओझे उतरते.

शेवटी मुख्य शस्त्रक्रिया पार पडते. मूल घरी येते. पेढे वाटले जातात. 'आता सारे मार्गी लागले' असे सर्वजण म्हणतात. आणि नेमकी येथूनच आपली खरी गोष्ट सुरू होते.

पहिली दोन वर्षे: डोळ्यांत तेल

शस्त्रक्रियेने सदोष भाग गेला, तरी गुदद्वाराभोवतालच्या स्नायूंची कडी तीच राहते, आणि या मुलांत ती हवी तशी सैल पडत नाही. जोडलेला भाग आकसू नये म्हणून काही डॉक्टर आईबापांना ठराविक जाडीच्या सळीने ती जागा रुंद ठेवण्यास शिकवतात. हे काम आईच्या जिवावर येते. पण ते सांगितले असेल तर मनाने बंद करू नये.

सर्वांत मोठी भीती आतड्याच्या दाहाची. ताप, पोट फुगणे, एकदम जोराने होणारी अतिशय घाण वासाची पातळ शी आणि मूल मलूल होणे, ही त्याची लक्षणे. आई म्हणते, "जुलाब झालेत, बाहेरचे खाल्ले असेल." कोणी जुलाब थांबवण्याची गोळी देतो. तीच चूक जिवावर बेतू शकते. ऑपरेशन झालेल्या मुलाचे पोट फुगले आणि ताप आला, तर ते साधे जुलाब समजू नयेत. त्याच दिवशी, रात्र असली तर रात्री, रुग्णालय गाठावे. तेथे नळीने मिठाच्या पाण्याने आतडे धुतात, शिरेतून पाणी आणि औषधे देतात, आणि वेळेत पोहोचलेले मूल सहसा सुधारते. हा दाह शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत अधिक होतो. पुढे तो विरळ होत जातो. डाउन्स सिंड्रोम असलेल्या मुलांत त्याचा संभव अधिक.

'त्याच दिवशी गाठावे' हे लिहावयास सोपे आहे. मासवणहून पालघर, पालघरहून गाडी, आणि दोन-अडीच तासांनी मुंबई. पावसाळ्यात गाडी न मिळणे, रात्री वाहन न मिळणे, हे निराळेच. २०२१ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात ७४ देशांतील २६४ रुग्णालयांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. हा विकार धरून पोटाच्या सात जन्मजात दोषांच्या बालकांपैकी श्रीमंत देशांत शंभरातली सहाच्या आत दगावली; मध्यम उत्पन्नाच्या देशांत वीस; गरीब देशांत जवळजवळ चाळीस. शस्त्रक्रियेच्या रीती सगळीकडे बहुतेक त्याच आहेत. बाळ केव्हा पोहोचते, भूल देणारा अनुभवी आहे की नाही, नंतरची शुश्रूषा कशी होते, यांवर हा फरक पडतो.

शाळेतली वर्षे: खोडकर की आजारी?

मूल पाच-सहा वर्षांचे होते, शाळेत जाऊ लागते आणि एका नव्या दुखण्याला तोंड फुटते. चड्डी खराब होते. कधी डाग, कधी अधिक. वर्गात वास येतो, मुले सरकून बसतात, एखादे टोपणनाव पडते. आई घरी धपाटा घालते. "एवढा घोडा झालास, कळत नाही?" मुलाला खरोखरच कळत नाही. ते आळशी नसते, हट्टी नसते.

येथे पुन्हा तीच जुनी चूक होते. हिर्शस्प्रुंग यांनी फुगलेले आतडे पाहून त्यालाच रोगी ठरवले. आपण खराब चड्डी पाहून मुलालाच दोषी ठरवतो. दोष दिसतो तेथे नसतो!

चड्डी खराब होण्याची मुख्य कारणे दोन, आणि ती एकमेकांच्या अगदी उलट आहेत. पहिल्या प्रकारात आत बद्धकोष्ठ असते. घट्ट शी साठून राहते आणि तिच्या कडेने पातळ पाझरते. आई समजते जुलाब होताहेत, आणि खाणे तोडते, शी बांधणारे पदार्थ देते. त्याने आतला बोळा आणखी घट्ट होतो. येथे पोट साफ करणारे औषध हवे असते. दुसऱ्या प्रकारात आतडे जलद चालते, शी पातळ असते आणि स्नायूंची पकड किंवा तेथली जाणीव कमी असते. येथे तेच सारक दिले तर हाल वाढतात. येथे शी बांधणारा आहार, ठरलेल्या वेळी नळीने आतडे धुणे असे उपाय करतात. म्हणून शेजारणीच्या मुलाला लागू पडलेले औषध आपल्या मुलाला देऊ नये. पोट तपासून, एक क्ष-किरण चित्र काढून कोणता प्रकार हे बहुधा ठरवता येते. क्वचित आत सदोष भाग राहून गेलेला असतो किंवा जोड आकसलेला असतो. तसे असेल तर पुन्हा शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

घरी करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. जेवणानंतर आतडे आपोआप हलते. तेव्हा सकाळी न्याहारीनंतर आणि रात्री जेवणानंतर मुलाला दहा-पंधरा मिनिटे निवांत बसवावे. उकिडवे बसणे उत्तम. कमोड असेल तर पायांखाली पाट द्यावा. घाई, आरडाओरड नको. झाली तर शाबासकी, नाही झाली तर काही बोलू नये. एका वहीत तारीख, शी कशी झाली आणि काय खाल्ले, एवढे टिपून ठेवावे. डॉक्टरला अशी वही दहा तपासण्यांइतकी उपयोगी पडते. आणि हो, दिवाळी आहे म्हणून सांगावयाचे: ज्या मुलाला पातळ शीचा त्रास आहे त्याला लाडू-करंज्यांचा आणि सरबतांचा मारा सोसत नाही, गोडाने शी अधिक पातळ होते. त्याला ताट नाकारू नये, मोजून वाढावे आणि भावंडांच्या पंक्तीतच बसवावे.

शाळेने काय करावे? फार थोडे. अशा मुलाला विचारल्यावाचून बाहेर जाऊ द्यावे. संडासात पाणी असावे, दाराला कडी असावी. दप्तरात एक जादा चड्डी असते, हे एका शिक्षकाला ठाऊक असावे आणि इतर कोणाला ठाऊक असू नये. पालघर जिल्ह्यातली अनेक आदिवासी मुले आश्रमशाळांत राहून शिकतात. तेथे आई जवळ नसते. सामायिक न्हाणीघर, सामायिक खोली, आणि लपवावयास जागा नाही. अशा शाळेत एखाद्या बाईंनी मुलाला जवळ घेतले तर ते टिकते, नाही तर सुटीला घरी गेलेले मूल परत येत नाही. शाळा सुटण्याचे कारण दप्तरात 'गैरहजर' एवढेच लिहिले जाते.

याच मुलखात, बोर्डीस १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षण केंद्र काढले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी आयुष्य वेचले. मुलांना न्हाऊमाखू घालणे, नखे काढणे, केस विंचरणे, हे त्यांनी शिक्षणाबाहेरचे मानले नाही. मुलाचे अंग धुताना त्याचा मान धुऊन जाता कामा नये, हे त्या बाईंच्या वागण्यात होते. आपल्याला नवे काही शोधावयाचे नाही. तेवढेच पुन्हा करावयाचे आहे.

वीस वर्षांनंतर

आईबापांच्या मनातला प्रश्न शेवटी एकच: "आमचे मूल पुढे चारचौघांसारखे होईल ना?"

बहुसंख्य मुलांच्या बाबतीत उत्तर आहे, होय. स्वेन्सन यांच्या पद्धतीने चाळीस वर्षांत निरनिराळ्या देशांत झालेल्या ८८० शस्त्रक्रियांचा आढावा १९८९ साली प्रसिद्ध झाला. इतका दीर्घ हिशेब तोवर कोणी मांडला नव्हता. त्यातून आणि नंतरच्या अभ्यासांतून एक गोष्ट दिसते: बद्धकोष्ठ आणि चड्डी खराब होणे हे त्रास बहुतेक मुलांत वाढत्या वयाबरोबर कमी होत जातात. सहा वर्षांच्या मुलाकडे पाहून सोळाव्या वर्षाचा अंदाज बांधू नये. मुले शिकतात, नोकऱ्या करतात, लग्ने होतात, मुलेबाळे होतात.

पण पूर्वी डॉक्टरमंडळी जितक्या निर्धास्तपणे 'मोठेपणी सारे ठीक होते' म्हणत, तितक्या निर्धास्तपणे आता म्हणत नाहीत. फिनलंडमधील हेलसिंकीच्या शल्यवैद्यांनी लहानपणी ही शस्त्रक्रिया झालेल्या प्रौढांना गाठून त्यांची विचारपूस केली आणि २०१० साली तिचा निष्कर्ष मांडला. या लोकांचे पोट त्यांच्या वयाच्या इतर निरोगी लोकांइतके बिनतक्रार नव्हते. वेळ सांभाळणे, खाणे निवडणे, क्वचित डाग पडणे, हे काहींच्या पाठीशी राहिलेच. तरीही बहुतेकांनी आपला संसार आणि काम नीट बसवले होते. सगळे मोठे आतडे सदोष होते अशांचा रस्ता अधिक खडतर असतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

म्हणजे ही गोष्ट चष्म्यासारखी धरावी. चष्मा लागलेला माणूस आंधळा नसतो आणि चष्मा विसरून त्याला चालतही नाही. वर्षातून एकदा तपासणी, त्रास वाढला तर मधेच, आणि मूल अठरा वर्षांचे झाले की त्याला मोठ्यांच्या डॉक्टरकडे नीट सोपवणे, एवढे झाले पाहिजे. या शेवटच्या टप्प्यावर फार मुले निसटतात. लहान मुलांचे डॉक्टर म्हणतात, आता तू मोठा झालास. मोठ्यांच्या डॉक्टरांना जुने ऑपरेशन ठाऊक नसते. म्हणून घरी ट्रंकेत एक प्लास्टिकची पिशवी असावी. तीत ऑपरेशनचे नाव आणि तारीख असलेला घरी सोडतानाचा कागद आणि तुकड्याच्या तपासणीचा अहवाल जपून ठेवावा. मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की त्याला त्याची गोष्ट सरळ शब्दांत सांगावी. पोटावरच्या व्रणाचे कारण त्याला दुसऱ्या कोणाकडून कळू नये.

वाट आणि लाज

६ फेब्रुवारी २०१३ रोजी देशातील मुलांच्या आरोग्यतपासणीच्या मोठ्या योजनेचा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा, आरंभ झाला तो याच पालघरला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. या कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन मुले तपासतात. दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल, हृदयाचे छिद्र असलेली कितीतरी मुले त्यांनी शोधली. परंतु ज्या नऊ जन्मजात दोषांची नावे मूळ यादीत होती, त्यांत आतड्याच्या या विकाराचे नाव नाही. तो डोळ्यांना दिसत नाही, आणि त्याविषयी विचारल्यावाचून कोणी सांगत नाही. 'शी कशी होते?' हा आजीचा प्रश्न त्या तपासणीत प्रत्येक मुलाच्या आईला विचारला गेला, तर अधिक खर्च न येता काही मुले वेळेत सापडतील. शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना आहे. फेऱ्यांत बुडालेली मजुरी मात्र कोणत्याच योजनेच्या पावतीत बसत नाही.

आणि आणखी एक. दिवाळी झाली, भात झोडून झाला की या जिल्ह्यातली कितीतरी आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जगावयास बाहेर पडतात. मुले बरोबर जातात. पाडव्यानंतरच्या तपासणीची तारीख कागदावर राहते आणि मूल कुठल्याशा भट्टीवर असते. डॉक्टर म्हणतात, "रोगी परत आलाच नाही." तो कोठे गेला, याचा पत्ता दिवाळीच्या दिव्यांना ठाऊक असतो. आशाताईंनी घर रिकामे होण्यापूर्वी एक दिवस आधी जाऊन मुलाचे पोट पाहिले, औषध बरोबर दिले आणि जेथे जाणार तेथल्या जवळच्या दवाखान्याचे नाव कागदावर लिहून दिले, तर एवढ्यानेही फरक पडेल.

मासवणच्या आईच्या आड वाट येते. शहरातल्या आईच्या आड लाज येते. रुग्णालय तिच्या घरापासून अर्ध्या तासावर असते. पण 'हे कोणाला कळता कामा नये' म्हणून ती वर्षानुवर्षे जात नाही. सहलीला मुलाला पाठवीत नाही, त्याच्या मित्राला घरी राहावयास बोलावीत नाही, लग्नाच्या वेळी तर अवाक्षर काढीत नाही. तिने जाणून घ्यावे की, तिच्यासारख्या आया गावोगावी आहेत. त्यांतल्या एकीने जरी तोंड उघडले, तरी दुसरीला धीर येतो.

यंदा दिवाळीला माहेरवाशिणी येतील, बाळंतिणी येतील, पाळणे हलतील. पणत्या लावून झाल्या की आजीने आपला तो जुना प्रश्न विचारावा, मोठ्याने विचारावा. सुनेने हसू नये. आणि घरात ऑपरेशन झालेले एखादे मूल असेल, तर भाऊबीजेच्या पाटावर ते इतरांच्या मधोमध बसेल, कडेला नाही, एवढी काळजी सगळ्यांनी घ्यावी.